काळ मागे नेणारी कळ

महाकाळाच्या नगरीत राहून काळ मागे नेण्याची कळ सत्तरीत हाती यावी, हा योग गमतीचाच म्हणायचा. नातवाच्या आग्रहाखातर मी मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम शिकू लागलो. प्रत्येक वळणावर माझी गाडी हमखास रस्त्याबाहेर. "आजोबा, ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच लावायचा," तो सांगे. कारण साधे आहे. टायरची पकड मर्यादित असते. ती सारी ब्रेकनेच खाल्ली, तर वळायला उरणार काय? एवढे अंगवळणी पडायला मला महिना लागला.

गाडी आदळली, की मात्र तो एक कळ दाबी आणि काही क्षण मागे सरत. 2008 च्या 'ग्रिड' या खेळात ही सोय होती, तीही मोजक्याच वेळा.

पुसता येणाऱ्या चुकीपासून मनुष्य शिकतो का? हात निश्चित शिकतो. स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ 2008 साली 'ग्रान तुरिस्मो' या खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि 2011 साली ल मान्सच्या खऱ्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. तेव्हा पडद्यावरचे शिक्षण खोटे, असे मी म्हणणार नाही.

परंतु तरुणपणी फ्रीगंजात माझ्या स्कूटरच्या धक्क्याने एक वृद्ध गृहस्थ पडले. त्यांचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही. तेव्हापासून वळणावर माझा वेग आपोआप कमी होतो. त्यात कौशल्याचा भाग थोडाच. नातवाला हे सांगितले.

"मग तुम्ही काय केलंत?" त्याने विचारले.

महिनाभर रोज त्यांच्या दारी जात होतो, एवढेच सांगता आले. आणि कबूल करायला हवे, खेळताना ती कळ मीही दाबतो.