कृपादाने आणि केडगावचा छापखाना

आमच्या मंडळ्यांत कृपादानांचा विषय निघाला की बोलणे दोनच वाटांनी जाते. काहींच्या लेखी अन्य भाषा बोलणे, आजार बरे करणे, भविष्यवाणी एवढीच पवित्र आत्म्याची दाने. जुन्या, शिस्तीच्या मंडळ्यांत मात्र बोध, प्रार्थना, आजाऱ्याची भेट, लग्न-मयत सगळे पाळकसाहेबांकडे, आणि बाकीच्यांनी बाकावर बसायचे. हे दान मिळाले ते कोणासाठी, असे दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

करिंथच्या मंडळीत हाच गोंधळ माजला होता. पौलाने इ.स. 55 च्या सुमारास त्यांना पत्र लिहिले, तेव्हा अन्य भाषा बोलणाऱ्यांचा तिथे तोरा वाढलेला होता. त्या पत्रातला शरीराचा आणि अवयवांचा दाखला आपल्याला पाठ असतो. त्याच अध्यायाच्या शेवटची यादी मात्र आपण घाईने वाचून जातो. चमत्कार आणि रोग बरे करण्याची दाने सांगून झाल्यावर पौल साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे हीही तिथेच लिहितो, आणि अन्य भाषा सर्वांत शेवटी. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने सभेत गप्प राहावे, असेही तो पुढे बजावतो. ज्याने मंडळीची उभारणी होते ते दान मोठे, हा त्याचा निकष आहे.

महाराष्ट्रात या निकषाची खरी कसोटी लागली ती केडगावला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या, अंध बायका होत्या. 1905 साली तिथे मोठी आत्मिक जागृती झाली. पुढे काही मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. जगात इतरत्र याच सुमारास अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, असा आग्रह धरला जात होता. रमाबाईंनी तो धरला नाही. त्यांनी ही दाने नाकारली नाहीत, पण आवश्यक खूण म्हणून प्रीतीच मानली. एवढ्या भारलेल्या वातावरणात हा तोल राखणे सोपे नव्हते, आणि त्यासाठी मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

त्याच आवारात छापखाना होता. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी बायकाच करत. ज्यांना गावाने निरुपयोगी ठरवले होते त्यांच्या हातून पवित्र शास्त्राचे भाषांतर छापून निघाले. हे भाषांतर रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केले, तेही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. एप्रिल 1922 मध्ये त्या वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. खिळे जुळवणारी मुलगी आणि रात्री प्रार्थनेत रडणारी मुलगी कित्येकदा एकच असेल. तिच्यातले आत्मिक कुठले आणि व्यवहाराचे कुठले, हे मला वेगळे काढता येत नाही आणि काढावेसेही वाटत नाही.

इथे एक जुनी शंका येते. रमाबाईंची विद्वत्ता तर ख्रिस्ताकडे येण्याआधीची. संस्कृत त्यांना आईने शिकवले. कलकत्त्याने 1878 साली त्यांना 'पंडिता' म्हटले तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा व्हायचा होता. मग त्या विद्वत्तेला आत्म्याचे दान म्हणायचे का? मी म्हणेन. कारण पंडितसभा गाजवू शकणारी ती बुद्धी केडगावला अशा बाईसाठी झिजली जिला रमाबाईंच्या पांडित्याचे मोल कळणारही नव्हते. याउलट लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर नवऱ्याने, कवी टिळकांनी, अक्षरओळख करून दिली. टिळकांमागे त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' हे काव्य याच बाईंनी पुरे केले. त्यांच्यातली कवयित्री कुठल्याही समितीने नेमलेली नव्हती.

आपल्या मंडळ्यांत मात्र आधी जागा ठरतात आणि मग माणसे शोधली जातात: खजिनदार हवा, रविवारशाळेला शिक्षिका हवी, गायनाला पेटीवाला हवा. जागा भराव्या लागतात, हे खरे. पण हिशेबात चोख असलेली विधवा, मयताच्या घरी न बोलता चार दिवस स्वयंपाक सांभाळणारा माणूस, भांडलेल्या भावांना एका खोलीत बसवू शकणारी आजी ही माणसे पंचांच्या यादीत येतच नाहीत, कारण त्यांच्या कामाला पद नाही. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो. त्याच सभेत वर्षभरात कोणी कोणाचा भार उचलला, हे मंडळीने नावे घेऊन सांगावे, आणि पुढच्या वर्षाची कामे त्या माणसांना विचारून ठरवावीत.