आवाजाची साक्ष

अंधेरीहून सुटणाऱ्या लोकल गाडींत, स्त्रियांच्या डब्यांत, एखादी बाई "जरा सरकतां का?" असें विचारते, आणि तिचा आवाज जाड, पुरुषासारखा निघतो. तत्क्षणीं दहा माना वळतात. तिचें लुगडें, तिचा चेहरा, हातांतील डबा, हीं सारीं त्या एका वाक्यानें खोटीं ठरतात, आणि जिनें केवळ बसावयास जागा मागितली ती सोंग घेऊन आली आहे असा संशय पसरतो. वाचकहो, ह्यांत शिष्टाचाराचा प्रश्न आहेच; परंतु शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचा प्रश्न आम्हांस त्याहून मोठा वाटतो.

आवाज कशाची साक्ष देतो, हें प्रथम पाहूं. वयांत येतांना टेस्टोस्टेरोन नांवाच्या अंतःस्रावामुळें मुलाचे स्वरतंतू लांब व जाड होतात. म्हणून बोलतांना स्त्रीच्या कंठांत सेकंदास सुमारें २०० कंपनें होतात, तर पुरुषाच्या कंठांत सुमारें १२०. परंतु कांहीं लेंकरांची घडण जन्मतःच निराळी असते. एखाद्या मुलीच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी पुरुषी स्राव प्रमाणाबाहेर सोडतात. वेळेवर औषध न मिळाल्यास तिचा आवाज फुटतो, आणि एकदां जाड झालेले स्वरतंतू मागाहून घेतलेल्या गोळ्यांनीं पूर्ववत् होत नाहींत. दुसऱ्या एखादीच्या पेशींत पुरुषाप्रमाणें एक्स व वाय हीं गुणसूत्रें असतात, पोटांत वृषणही असतात. तथापि तिचें शरीर त्या स्रावास दादच देत नाहीं. ती स्त्री म्हणून वाढते, व तिचा आवाज स्त्रीचाच राहतो. म्हणजे कंठापर्यंत त्या स्रावाचा अंमल पोहोंचला कीं नाहीं, इतकेंच आवाज सांगतो. पुढचें सारें ऐकणारा आपल्या पदरचें घालतो. (खेड्यांत अशा मुलीस भगताकडे नेतात. तिला न्यावयाचें तें डॉक्टरकडे, आणि लवकर.)

बीड जिल्ह्यांतील पोलीस शिपाई ललिता साळवे ह्यांच्या तपासणींत वाय गुणसूत्र आढळलें. २०१७ सालीं त्यांनीं शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली, ती प्रथम नाकारली गेली. २०१८ सालीं सरकारची परवानगी मिळून मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली, आणि ललित साळवे ह्या नांवानें पोलिसांतील नोकरी पुढें चालू राहिली. जन्मवेळीं लोकांनीं पाहून जें ठरविलें होतें तें पुरतें नव्हतें.

आपली मराठी ह्या बाबतींत कठोर आहे. इंग्रज मनुष्य आपण पुरुष कीं स्त्री हें न सांगतां "आलों" असें म्हणूं शकतो. आपणांस "मी आलों" किंवा "मी आलें" ह्यांतून एक निवडावेंच लागतें. मुलगी म्हणून वाढलेल्या ज्या लेंकराचा आवाज तेराव्या वर्षीं घोगरा होतो, त्यास प्रत्येक वाक्य म्हणजे एक चौकशीच. मात्र "आम्ही आलों" ह्यांत भेद नाहीं. (हा लेख पुरुषानें लिहिला कीं स्त्रीनें, हें वाचकांस कोठें कळलें आहे?) तसेंच "तूं कोठें गेला होतास" कीं "गेली होतीस" ह्याचा निर्णय करावा लागतो, परंतु "तुम्ही कोठें उतरणार?" ह्यांत तो लागत नाहीं.

आमचे कोणी उपदेशक बंधु म्हणतील कीं, आंधळ्या इसहाकास हातांनीं फसविलें, आवाजच खरा होता. होय, परंतु त्या कानानें रोज ऐकलेल्या पुत्रास ओळखलें, परक्याच्या देहाचा निवाडा केला नाहीं. डब्यांतील ती बाई कोणाचीच ओळखीची नाहीं. शेजारचीनें सरकून जागा द्यावी आणि, "तुम्ही कोठें उतरणार?" असें विचारावें. उत्तर बहुधा "बोरीवली" इतकेंच येईल.