फीच्या बदल्यात झाडू

अमेरिकेतल्या काही खासगी शाळांत फी झेपत नसेल, तर आईवडिलांना ती अंगमेहनतीने फेडता येते. कुंपण रंगवा, ग्रंथालयातली पुस्तकं लावा, अंगण झाडा. वहीत तास मांडले जातात आणि तेवढी फी कमी होते. व्यवहार रोखठोक आहे. मात्र एकाचा बाप चेक देऊन जातो, दुसऱ्याचा शनिवारी झाडू घेऊन उभा असतो आणि मुलं एकाच बाकावर बसतात.

दानाबद्दल आपल्याकडे म्हणतात, या हाताचं त्या हाताला कळू नये. दान झाकता येतं. झाडू कसा झाकणार?

म्हणून दानच बरं म्हणावं, तर वार लावून जेवणारे विद्यार्थी आठवतात. सात वारांची सात घरं. पोट भरे, पण पानावर बसण्याआधी वाढणारीचा चेहरा बघायची सवयही लागे. मिंधेपण त्या आमटीतच कालवलेलं असे. श्रम निदान त्यातून सोडवतात.

छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाला गुरूने 400 रोडक्या गाई दिल्या. त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही, म्हणत तो रानात गेला. ही फी होती का? परतीच्या वाटेवर त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला तो बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने. गुरं राखणं हाच त्याचा वर्ग ठरला. तासांच्या वहीत हे बसत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी दान की झाडू हा पेच जमिनीवर आणून सोडवला. 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह. नाना जातींची मुलं एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि कामही सगळीच करत. हातात कुदळ आहे म्हणून कुणी वेगळा ओळखू येत नसे. केंटकीतल्या बेरिया कॉलेजातही हेच: शिकवणी फी कुणालाच नाही, आठवड्याला किमान 10 तास काम सगळ्यांना. मोजकेच राबले असते, तर ‘कमवा आणि शिका’ हा गरिबांच्या कपाळावरचा शिक्का झाला असता.

कुटुंबाच्या कामाचं म्हणाल, तर साताऱ्याच्या वसतिगृहात राबलं ते आधी भाऊरावांचंच घर. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्याचे तास कुणी मांडले नाहीत.