पास आणि टोलवाटोलवी

बोईसरला घराजवळच्या मैदानावर मी दर रविवारी सकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. ‘शिकवतो’ हा शब्द जरा मोठाच झाला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या संघात मी राखीव खेळाडू होतो आणि आता आठवडाभर लॅपटॉपसमोर बसून कोड लिहितो, एवढीच माझी पात्रता. मुलं सगळीकडची आहेत. कुणाचे वडील तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करतात, कुणाचे अणुऊर्जा केंद्रात. कुणी दोन वर्षांपूर्वी बिहारहून आलंय, कुणी पाड्यावरून चालत येतं. मैदानावर मराठी, हिंदी, वारली सगळं चालतं. पण ‘दे ना!’ हे सगळ्यांना कळतं.

सुरुवातीला कुणी देतच नसे. ज्याच्या पायात चेंडू, तो आठ जणांना घेऊन कोपऱ्यात जाऊन अडकायचा. म्हणून मी नियम केला: एकच टच. चेंडू आला की लगेच पास.

या नियमामागे मोठा इतिहास आहे. फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात पास देणं हा मुख्य खेळ नव्हताच, चेंडू घेऊन एकट्याने पुढे घुसणं हा खेळ होता. 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोजवळ इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. अंगाने किरकोळ असलेल्या स्कॉटिश खेळाडूंनी एकमेकांना पास देत धिप्पाड इंग्रजांना 0-0 वर रोखून धरलं. आपल्याकडे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धाच भरवल्या. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला आणि त्यांच्याच हाताखाली भारताने 1951 आणि 1962 मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळवलं.

मग माझाही नियम चालला. चेंडू फिरायला लागला. मी सलग पास मोजायचो, सवयीने फोनवर नोंद ठेवायचो. आकडा दर रविवारी वाढत होता. मी खूश होतो.

आणि एक मुलगा यायचा बंद झाला. अकरा वर्षांचा, बारीक, सांगितलेल्या जागेवर इमानाने उभा राहणारा. त्याच्या मित्राला विचारलं तर तो बूट बांधता बांधता म्हणाला, “दादा, सगळे त्याला अडकलेलाच बॉल देतात. मग बॉल गेला की तुम्ही त्यालाच ओरडता.”

पुढचा तासभर मी काहीही न मोजता नुसतं पाहिलं. मित्राचं खरं होतं. अंगावर कुणी धावून आलं की मुलं घाईघाईने चेंडू जवळच्याकडे ढकलत होती. फुटबॉलमध्ये याला ‘हॉस्पिटल पास’ म्हणतात: चेंडू आणि समोरचा गडी एकाच वेळी येऊन आदळतात. देणारा सुटतो, घेणारा सापडतो. चेंडू ज्याच्या पायातून गेला तोच सगळ्यांना दिसतो. मलाही तोच दिसला होता.

मराठीत याला आधीपासून शब्द आहे: टोलवाटोलवी. या खिडकीवरून त्या खिडकीवर. माझ्या कामात तर ती एका क्लिकवर होते. शुक्रवारी संध्याकाळी न सुटणारं तिकीट दुसऱ्याच्या नावावर टाकायचं आणि डहाणू लोकल पकडायची. मी हे केलंय. त्या आठवड्यात माझा बोर्ड स्वच्छ दिसला होता. सोमवारी कुणाची वाट लागली, ते बोर्डवर दिसत नाही.

मग प्रश्न असा की पास आणि टोलवाटोलवी यात फरक काय? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एकच टच, तितकाच वेग.

मला वाटतं, फरक चेंडू देण्याच्या आधी आणि नंतर आहे. चांगला खेळाडू चेंडू येण्याआधीच खांद्यावरून मागे बघून घेतो. कोण मोकळा आहे, त्याच्या कुठल्या पायाला द्यायचा, पायात की धावेच्या पुढे, किती जोरात. विचार आधीच झालेला असतो, म्हणून पास जलद होतो. माझी मुलं विचार टाळण्यासाठी जलद झाली होती. आणि दिल्यानंतर चांगला खेळाडू हलतो, मोकळ्या जागेत जातो, म्हणजे घेणारा अडचणीत आला तर त्याला परत देता येईल. टोलवणारा दिला की थांबतो. त्याच्यापुरतं काम संपलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्याचा इतका विचार करत बसलं तर खेळायचं कधी? खरंय. पण मग कधीकधी चेंडू न देणं, अंगावर आलेला गडी स्वतःच अंगावर घेणं, हेही कर्तव्य होतं. माझ्या नियमात त्याला जागाच नव्हती. रहीम यांच्या 1962 च्या संघाचे कर्णधार होते चुनी गोस्वामी, आणि ते ड्रिब्लिंगसाठीच प्रसिद्ध होते. ड्रिब्लिंगबंदी हा सवय लावण्याचा उपाय होता, तो म्हणजे खेळ नव्हे. मी उपायालाच खेळ करून टाकलं होतं.

आता आम्ही दहा-दहा पावलांचा चौकोन आखतो. चार जण कडेला, दोघं मध्ये. नेहमीचा नियम असा की ज्याच्याकडून चेंडू जाईल तो मध्ये जातो. आमच्याकडे थोडा बदल आहे: घेणाऱ्याला वेळच मिळाला नसेल, तर देणारा मध्ये जातो. कोण जाणार ते मुलंच ठरवतात. त्यामुळे भांडणं वाढलीत आणि सलग पासचा आकडा निम्म्यावर आलाय. पण परवा एका मुलाने स्वतःहून “माझा पास चुकला” म्हणत मध्ये जाऊन उभं राहिलेलं मी पाहिलं. हे फोनवर कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला सुचलं नाही.

त्या मुलाच्या घरी मी जाऊन आलो. वडील पहिल्या शिफ्टला गेले होते, आईने चहा दिला. चूक माझी होती, असं मी त्याला सांगितलं. तो जमिनीकडे बघत “बघतो” म्हणाला. परत येताना मला फार हलकं वाटत होतं, आणि मग त्याच हलकेपणाची शंका आली. माफी मागून मोकळं होणं हीसुद्धा टोलवाटोलवीच की. आता जे काय ठरवायचं ते त्या अकरा वर्षांच्या पोराने ठरवायचं आणि मी शांत झोपायचं.

तो अजून आलेला नाही. या रविवारी सराव संपला की मी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे.