तोच हा देवदत्त

पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त पुढे बारा वर्षांनी मथुरेत भेटतो, तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतात, अंगावरची वस्त्रे निराळी असतात, गाव आणि ऋतू दोन्ही पालटलेले असतात, आणि तरीही पाहणारा क्षणमात्र न अडखळता 'तोच हा देवदत्त' असे म्हणून मोकळा होतो. ह्या एवढ्याशा उद्गाराला आपल्या दर्शनकारांनी प्रत्यभिज्ञा असे नाव दिले आणि ती प्रमाण मानावी की भ्रम, ह्यावर शतकानुशतके वाद मांडले. ह्या वादाकडे मी इतकी वर्षे ग्रंथातील वाद म्हणूनच पाहत होतो. डीप पर्पल ह्या इंग्रज हार्ड रॉक बँडने टोकियोच्या बुडोकान सभागृहात १२ एप्रिल २०१४ रोजी केलेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकले, आणि तो वाद माझ्या कानाशी येऊन उभा राहिला.

ह्याचे कारण असे की, हे सभागृह आणि हा बँड ह्यांची गाठ पूर्वीही पडली होती आणि त्यांपैकी एका भेटीचा दस्तऐवज जगभर घरोघरी आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हा बँड १५ व १६ तारखेला ओसाका येथे आणि १७ तारखेला बुडोकानमध्ये वाजला. मार्टिन बर्च ह्या ध्वनिमुद्रकाने त्या तिन्ही रात्री फितीवर उतरविल्या, आणि त्यांतून निवडलेल्या सात रचनांचा 'मेड इन जपान' हा अल्बम निघाला. तो जपानपुरताच असावा अशी बँडची मूळ इच्छा होती. पुढे तो लाइव्ह अल्बमचा मानदंडच ठरला. बुडोकान ही १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्यूदोसाठी बांधलेली अष्टकोनी वास्तू. दरवर्षी १५ ऑगस्टला महायुद्धातील मृतांचे राष्ट्रीय स्मरण तेथेच होते. त्या सातांपैकी 'द म्यूल' आणि 'लेझी' ह्या दोनच रचना बुडोकानच्या रात्रीच्या आहेत. आणि बेचाळीस वर्षांनंतरच्या मैफलीतही, त्याच छताखाली, ह्या दोन्ही रचना पुन्हा वाजल्या आहेत.

पाचांपैकी तिघे तेच आहेत: गायक इयन गिलन, बास वाजविणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवादक इयन पेस. दोघे नाहीत. गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९७५ मध्ये एकदा आणि १९९३ मध्ये कायमचा निघून गेला, आणि त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स आला. हॅमंड ऑर्गन मार्शल अँप्लिफायरमधून गरजविणारा जॉन लॉर्ड २००२ मध्ये निवृत्त झाला व १६ जुलै २०१२ रोजी निवर्तला, आणि त्याच्या ऑर्गनवर डॉन एअरी बसला. आता 'तोच हा बँड' असे म्हणण्याचा मला काय अधिकार?

बौद्ध म्हणतील, काहीही नाही. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते की, रथ म्हणजे चाके काय, आस काय, की जू काय. आणि ह्यांपैकी काहीच रथ नव्हे हे राजाने कबूल केल्यावर, रथ हे केवळ एक नाव आहे, हे त्याच्याच तोंडून वदविले होते. रात्रीच्या पहिल्या प्रहरी लावलेला दिवा पहाटेपर्यंत जळतो, परंतु पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नव्हे, आणि सर्वथा भिन्नही नव्हे. कापलेली नखे पुन्हा वाढतात आणि आपण 'तीच ही नखे' म्हणतो. हे सादृश्य आहे, ऐक्य नव्हे. ह्या युक्तिवादाची धार मला नेहमीच जाणवली आहे, आणि ध्वनिमुद्रणाने तर ती अधिकच तीक्ष्ण केली आहे. कारण पूर्वी स्मृती ही एकच साक्षीदार होती आणि ती मालकाच्या सोयीने साक्ष देई, आता दोन्ही रात्री शेजारी ठेवून त्यांची रुजुवात घालता येते. १९७२ चा पेस चोवीस वर्षांचा आहे; २०१४ चा पासष्टचा. गिलन अडुसष्टचा. हे अंतर झाकण्यासारखे नाही आणि मुद्रणाने ते झाकलेलेही नाही.

मीमांसक ह्याला उत्तर देतील ते शब्दाच्या बाजूने. 'गाय' हा शब्द कोणी आठ वेळा उच्चारला तर आठ शब्द झाले असे आपण म्हणत नाही, एकच शब्द आठदा उच्चारला असे म्हणतो. म्हणून शब्द नित्य आहे आणि उच्चाराचा ध्वनी त्याला केवळ प्रकट करतो. ह्या न्यायाने 'लेझी' ही एकच रचना, आणि १९७२ व २०१४ हे तिचे दोन उच्चार. युक्तिवाद सुंदर आहे. परंतु लाइव्ह अल्बम जिवापाड जपणारा श्रोता नित्य रचनेसाठी तो जपत नाही. ती रचना त्याला स्टुडिओतील तबकडीवर अधिक स्वच्छ मिळालेली असते. त्याला हवा असतो तो नेमका अनित्य ध्वनी: त्या रात्रीचा श्वास, त्या सभागृहाचा घुमारा, एकदाच लागलेला आणि पुन्हा न लागलेला सूर.

नैयायिकाचे म्हणणे मला अधिक जवळचे वाटते. चैत्राने अनुभवलेले मैत्राला आठवत नाही, म्हणून ज्याला आठवते तो अनुभवणाराच असला पाहिजे, असे उदयनाचार्यांची परंपरा क्षणभंगवाद्यांना बजावते. परंतु बँडाला आत्मा कोठला? त्याची स्मृती पाच जणांत आणि लक्षावधी श्रोत्यांत वाटलेली आहे. म्हणून मला वाटते, अशा समुदायाच्या बाबतीत दर्शनकारांइतकाच कज्जेदलालांचा एक जुना शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे वहिवाट. १९८० मध्ये, बँड मोडलेला असताना, त्याचा अगदी आद्य गायक रॉड एव्हन्स काही नव्या वादकांना घेऊन डीप पर्पल ह्याच नावाने अमेरिकेत मैफली करू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच्याविरुद्ध जबर नुकसानभरपाईचा निवाडा झाला. पहिल्या दिवशी तो होता ह्यात शंका नाही. परंतु मूळ पुरुष असणे ही ऐक्याची सनद नव्हे. उलट एअरी आणि मोर्स हे मूळचे नसूनही त्यांना कोणी परका म्हणत नाही, कारण ते पूर्वीच्यांच्या साक्षीने, त्यांच्या देखत आत आले. मोर्स नवा असताना, १९९५ मध्ये, हा बँड मुंबईत वाजून गेला, तेव्हा ऑर्गनवर लॉर्डच होता. आणि एअरी आला तोही लॉर्डची जागा प्रथम बदली म्हणून सांभाळीत, आणि मग लॉर्डच्याच निरोपाच्या दौऱ्यात सहभागी होऊन. ज्योतीवरून ज्योत लावावी तसे हे आहे, आणि नागसेनाच्या दिव्यात जे सांगावयाचे राहिले ते हेच, की दुसरी ज्योत पहिली जळत असताना लावावी लागते आणि ती कोणीतरी जाणून लावावी लागते. 'तोच' असणे ही सापडणारी वस्तुस्थिती नसून पाळावयाचे व्रत आहे, आणि व्रत मोडता येते म्हणूनच ते पाळण्याला अर्थ आहे, असे माझे मत बनले आहे.

व्रतात त्यागही असतो. 'चाइल्ड इन टाइम' हे गीत 'मेड इन जपान'चे शिखर होय; त्यातल्या गिलनच्या तारस्वरातील किंकाळ्या ऐकून अंगावर काटा उभा राहतो. २०१४ च्या मैफलीत ते गीत नाही. वयाने हिरावलेला स्वर यंत्राने उभा करून 'तोच मी' असा दावा त्यांनी केला नाही, आणि हे मौन मला २०१४ च्या मुद्रणातील सर्वांत सच्च्या गोष्टींपैकी एक वाटते. ज्याला आपले शरीर अनित्य आहे हे कबूल करवत नाही, त्याने नित्याविषयी काय बोलावे?

आता त्या दोन रचनांकडे येतो. 'द म्यूल' हा पेसचा प्रांत. बाकीचे चौघे थोडा वेळ वाजवून बाजूला होतात आणि ड्रम एकटाच बोलू लागतो. बँडच्या आरंभापासून प्रत्येक फळीत असलेला हा एकमेव माणूस, आणि त्या जागेवर चाळीस वर्षांपूर्वी त्याने जे केले त्याची तो नक्कल करीत नाही. 'लेझी'त मोठे काम ऑर्गनचे आहे, म्हणजे तेथे लॉर्डची जागा रिकामी असल्याची जाणीव टाळता येणे शक्य नाही. २०१४ च्या मुद्रणात ह्या दोन रचना लागोपाठ येत नाहीत. त्यांच्यामध्ये 'अबव्ह अँड बियाँड' हे एकच गीत येते, लॉर्डच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणार्थ रचलेले. १९७२ च्या त्या रात्रीच्या दोन तुकड्यांच्या बरोबर मध्ये, त्याच अष्टकोनात, त्या रात्री ऑर्गनवर असलेल्या माणसाला ते हाक मारतात. आणि ते गीत संपल्यावर एअरी त्याच्या जागेवर बसून 'लेझी' वाजवितो.