ज्याला कबर नाही, त्याच्यासाठी मेणबत्ती



नोव्हेंबर हा आपल्या मृतांचा महिना. 2 तारखेला आपण आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. पण ज्याची कबरच नाही, त्याच्यासाठी मेणबत्ती कुठे लावायची? आज कोकणच्या अशाच एका सुपुत्राची आठवण करू या.

मुंबईला जाताना महामार्गावर माणगाव लागते. तेथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. याच तालुक्यातील पळसगावचे ते रहिवासी, मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले. ते एकटे उरले. मागे न वळता ते थेट त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच ठोकून ठार केले. लगेच लपलेल्या नेमबाजाची गोळी लागून ते कोसळले. वय अवघे 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण तो घ्यायला मागे उरली होती तरुण पत्नी. इटलीत कॅसिनो येथे, संत बेनेडिक्टच्या मठाच्या डोंगराखाली, कबरी अज्ञात असलेल्या हजारो सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. समोरचीही माणसेच होती. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. मग ख्रिस्ती माणसाने या शौर्याला वंदन कसे करावे?

येशूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले. त्याच येशूने कफर्णहूमच्या शताधिपतीच्या विश्वासाचे कौतुक केले. प्रभुभोजन स्वीकारण्यापूर्वी आपण ज्या शब्दांत आपली अपात्रता कबूल करतो, ते मुळात त्या सैनिकाचेच! म्हणजे प्रभू युद्धाला आशीर्वाद देत नाही, पण सैनिकाला दूरही लोटत नाही.

संत थॉमस अक्वायनस धैर्याविषयी मोलाचा विचार मांडतात. त्यांच्या मते धैर्याचे मुख्य लक्षण हल्ला करणे नव्हे, तर संकटात पाय रोवून उभे राहणे. आपण मान लववितो ती मारणाऱ्या हातापुढे नव्हे, तर साथीदार पडलेले असताना पळून न गेलेल्या पावलांपुढे. मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, असे प्रभू सांगतो (योहान 15:13). ही प्रीती कोणत्याही धर्माच्या माणसाच्या अंतःकरणात देवच पेरतो.

मिस्सामध्ये आपण सर्व मृतांसाठी प्रार्थना करतो. त्यात पळसगावचे यशवंत येतात, आणि त्या दिवशी पलीकडे पडलेलेही येतात. देवाच्या दयेला सीमारेषा नसते.

आपल्या वाट्याला रणांगण येणार नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा, दारूत बुडालेल्या भावाचा सांभाळ, कामाच्या ठिकाणी खऱ्याची बाजू, येथे पाय रोवावेच लागतात. शेजारी एखाद्या जवानाचे कुटुंब असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन या. आणि घरच्या वेदीवर एक मेणबत्ती जास्त लावा, ज्याला कबर नाही त्याच्यासाठी.

प्रभू त्यांना चिरशांती देवो. आमेन.

तुमचे धर्मगुरू