खेळ की परीक्षा?

ज्या मुलाने अद्याप शाळेचे तोंड पाहिलेले नाही, त्याला स्पेलिंगचे खेळ खेळायला लावावेत काय? प्रश्न दिसायला लहान, परंतु त्याला नीतीची एक बाजू आहे आणि तिच्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही.

टूवूंबा हे गाव ब्रिस्बेनपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर, डोंगरमाथ्यावर वसले आहे. इंग्रजीत त्याच्या नावाला नऊ अक्षरे लागतात. त्यांत 'ओ' चार वेळा येतो आणि उच्चारात एकदाही ऐकू येत नाही! देवनागरीत तेच नाव तीन अक्षरांत बसते. स्पेलिंगला आपल्या बोलण्यात रुळलेला मराठी शब्दच नाही. शुद्धलेखन आहे, पण त्याची भांडणे बहुतेक ऱ्हस्वदीर्घाची. 'क' ऐकला की 'क' लिहावा, याबद्दल तक्रार नसते. इंग्रजीत कानावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून चार वर्षांच्या मुलाने 'कॅट' हा शब्द 'के'ने सुरू केला, तर त्याने विचार केला आहे असे समजावे. 'सी'ने सुरू केला, तर बहुधा पाठ केला आहे. खेळ मात्र पाठ करणाऱ्याला चांदणी देतो आणि विचार करणाऱ्याला चूक ठरवतो.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. कार्डावर मांजराचे चित्र असते. मूल म्हणते, "माऊ." हा शब्द आजीच्या मांडीवर मिळालेला, कदाचित त्याच्या तोंडून निघालेल्या पहिल्या चारपाच शब्दांपैकी एक. खेळात त्याला जागा नाही. घरे तीन आणि उत्तर एक. मूल वाद घालत नाही. पुढच्या खेपेस ते 'माऊ' म्हणत नाही, एवढेच. कोकणातून मुंबईस आणि तेथून इस्रायल, ऑस्ट्रेलियापर्यंत आलेली आपली बोली अशीच एकेक शब्दाने गळते, आणि त्या वेळी घरातली माणसे कौतुकाने टाळ्या वाजवीत असतात.

कोणी म्हणेल, कडू औषध आपण गुळात घालून देतोच ना? देतो, पण तेव्हा मूल आजारी असते. चार वर्षांच्या मुलाला लिहिता न येणे हा आजार नव्हे. मध्ययुगात जर्मनी-फ्रान्सकडील यहुदी लोकांत मुलगा प्रथम शिकावयास बसला म्हणजे पाटीवरच्या अक्षरांना मध लावून तो त्याला चाटावयास देत. तो मध बरोबर उत्तराचे बक्षीस नव्हता. काही येत नसताना, सुरुवातीलाच मिळे. आपल्या चांदण्या आणि चॉकलेटे नंतर मिळतात, आणि तीही जिंकणाऱ्यालाच.

मारिया माँटेसरी युद्धकाळात, १९३९ पासून १९४६ पर्यंत, बव्हंशी भारतात होत्या. त्यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवते आणि सुट्या अक्षरांनी कानाला ऐकू येईल तसा शब्द मांडते. तो लगेच दुरुस्त करीत नाहीत. बक्षिसांवर तर त्यांचा विश्वासच नव्हता. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांसह १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पाने घेतली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मला यातले मोठेपण साधनांच्या स्वस्ताईत दिसत नाही. मुलाच्या हाताला आणि तोंडाला जे आधीच ठाऊक होते, तेथून त्यांनी आरंभ केला.

आईबापांची धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. मूल शाळेत मागे पडेल ही भीती परदेशात दुप्पट होते. परंतु क्वीन्सलँडमध्ये प्रेपचे वर्ष २०१७ पासून सक्तीचे आहे, आणि 'सी' कोठे व 'के' कोठे, हे तेथे शिकवतात. त्याआधी घरात ध्वनींचे खेळ खुशाल खेळावेत. 'म'ने सुरू होणारे काय काय दिसते ते शोधावे. त्यात माऊ, मम आणि मीठ तिन्ही चालतात. मात्र मूल मध्येच उठून गेले तर जाऊ द्यावे. उठण्याची मोकळीक नसेल, तर त्याला खेळ म्हणणे ही मुलाशी केलेली लबाडी आहे, आणि लबाडी मुलांना आपल्या समजुतीपेक्षा लवकर कळते.

फ्रिजवर चिकटणारी अक्षरे घरात असली, तर टूवूंबा लिहायला मुलाच्या हाती द्यावीत. 'ऊ' लांब वाटला म्हणून त्याने पाचवा 'ओ' लावला, तर दोन दिवस तसाच राहू द्यावा, आणि असा का लावला ते त्याला विचारावे.